तीच पोझिशन, तिसऱ्यांदा

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी पत्रिका मागितली नाही, स्वयंपाकाचं विचारलं नाही. फक्त म्हणाले, ‘बुद्धिबळ येतं का?’ माझे वडील घाईघाईने म्हणाले, ‘येतं ना! मीच शिकवलंय.’ त्यावर ते हसले. आम्ही चेंबूरची साधी माणसं, आम्हाला वाटलं, चला, हौशी घर दिसतंय. कप्पाळ! त्यांना सून नको होती. रोज दुपारी हरवायला एक माणूस हवं होतं. माझ्याआधी ते काम माझ्या नवऱ्याकडे होतं, पण तो कंपनीत चिकटला आणि सुटला.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. सासरे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तेव्हा निरनिराळ्या कचेऱ्यांच्या बुद्धिबळाच्या स्पर्धा व्हायच्या, तिथे ते पंच म्हणून जायचे. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, पंचगिरी काही सुटली नाही. आमटीत गूळ किती, रेडिओ कधी बंद करायचा, कुणी कुठल्या खुर्चीत बसायचं, सगळ्याचा निकाल तेच द्यायचे. मी नवऱ्याला अरे-तुरे करते त्याचाही निकाल देऊन झाला होता, पण तो मी मानला नाही.

दुपारी झोपून उठले की टीपॉयवर पट मांडायचे. पांढऱ्या सोंगट्या कायम त्यांच्या, कारण पहिली चाल वडीलधाऱ्यांनी खेळायची असा घरचा नियम. दुसरा घरचा नियम म्हणजे हरणाऱ्याने ‘मी हरले’ असं मोठ्याने म्हणायचं आणि सोंगट्या पुन्हा नीट मांडून ठेवायच्या. मी पुटपुटले तर कानामागे हात धरून म्हणायचे, ‘काय? ऐकू नाही आलं.’ मग पुन्हा म्हणायचं, शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जाईल असं. सासूबाई स्वयंपाकघरात बसून ते ऐकायच्या. त्या मालवणकडच्या, बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. सोंगट्यांना त्या बाहुल्या म्हणायच्या. पण बाहेरच्या खोलीत कोण हरलं आणि रात्री जेवताना घर कसं राहील, हे त्यांना बरोबर कळायचं. मी हरले की त्या सुटकेचा निःश्वास टाकायच्या. मला त्याची चीड यायची.

लग्नाला वर्ष उलटलं होतं. स्टेशनच्या पुलापलीकडच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई नोकरी सोडून निघाल्या होत्या. मी बी.एस्सी., बी.एड. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं, ‘जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी वर्गावर उभी राहा. पण मे संपायच्या आत हो की नाही ते कळव, मागे दोघीजणी टपून बसल्यात.’ मला ती नोकरी हवी होती. हवी म्हणजे काय, जीव टांगणीला लागला होता माझा. मला कुणीतरी ‘बाई’ म्हणून हाक मारायला हवी होती. आणि दुपारी त्या टीपॉयपासून शक्य तितकं लांब राहायचं होतं.

नवऱ्याने विषय काढला तो ताटात बघत. ‘बाबा, ही म्हणत होती की शाळेत जागा आहे म्हणून.’ तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका आमच्याकडे पेपर वाचत बसले होते. पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे, बिचारे दिवसातून दोनदा तरी वर यायचे. प्रेक्षक मिळाला म्हणजे सासऱ्यांना चेव यायचा. ‘शाळेत? वर्गभर पोरं सांभाळणार ही? माझ्यासमोर तासभर डोकं ठिकाणावर राहत नाही हिचं!’ काका उगाच हसले. मी म्हटलं, ‘मुलं तुमच्याएवढी अवघड नसतात, बाबा.’ नवऱ्याचा घास हातात राहिला.

सासरे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे ताक संपवलं आणि म्हणाले, ‘ठीक आहे. मला हरवायचं सोड, ते तुझ्याच्याने व्हायचं नाही. एक डाव, फक्त एक डाव न हरता उठून दाखव. खुशाल जा शाळेत, मी अडवणार नाही. काका, तुम्ही साक्षीला.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना नवरा म्हणाला, ‘बघ, मिळाला ना शब्द! बाबा शब्दाचे पक्के आहेत.’

‘एवढं सोपं आहे तर तूच खेळ की माझ्या वतीने.’

‘मी? छे यार. मला नको ते.’ आणि गालाला साबण लावून गप्प बसला. साबणाच्या आड लपणारा माणूस होता माझा नवरा.

मी त्यांना हरवू शकत नव्हते, हे मलाही माहीत होतं. पण न हरणं म्हणजे जिंकणं नव्हे. डाव बरोबरीत सुटला तरी शब्द पुरा होत होता. आणि बरोबरीची एक वाट वडिलांनी मला लहानपणी सांगितली होती, तीनदा तेच तेच झालं की डाव बरोबरीत. बस, एवढंच सांगितलं होतं. त्या एवढ्याशा माहितीवर मी लढाईला उभी राहिले.

पहिल्याच आठवड्यात मी माझा वजीर एका घरातून दुसऱ्या घरात नेला, परत आणला, पुन्हा नेला, परत आणला. तिसऱ्यांदा तेच केलं आणि टाळी वाजवून म्हटलं, ‘ड्रॉ!’

‘काय ड्रॉ?’

‘तीनदा तेच झालं.’

‘तीनदा तू तेच केलंस. मी काय करत होतो मधल्या वेळात?’

मी पटाकडे बघितलं. माझा वजीर येरझारा घालत असताना त्यांनी एक प्यादं गुपचूप एकेक घर पुढे सरकवलं होतं. ते आता माझ्या छाताडावर येऊन बसलं होतं. ‘चाल तीच येऊन चालत नाही,’ ते म्हणाले, ‘पोझिशन तीच यावी लागते. दोघांची प्रत्येक सोंगटी जिथल्या तिथे. तुझा वजीर येरझारा घालतो म्हणून जग थांबत नाही.’ मग त्यांनी मला मात दिली. संध्याकाळी काका आले तेव्हा टाळी वाजवून, बारीक आवाज काढून ‘ड्रॉ!’ असं माझी नक्कल करून दाखवली. काका पोट धरून हसले. नवराही हसला, म्हणजे हसू दाबलं, पण मला दिसलं ना.

पुढच्या खेपेला मी प्रत्येक सोंगटीवर डोळा ठेवला. सगळ्या जिथल्या तिथे, तीन वेळा. तरी नाहीच. कारण म्हणे पहिल्या वेळी तशी मांडणी आली तेव्हा खेळायची पाळी माझी होती आणि नंतर दोन्ही वेळा त्यांची. ‘पाळीही त्याचीच हवी,’ म्हणाले. बरं बाई, पाळीही त्याचीच हवी. हरले. मोठ्याने सांगितलं, सोंगट्या मांडल्या.

‘बाबा, सगळा नियम एकदाच सांगून टाका ना,’ मी म्हटलं.

‘नियम हरल्यावर कळतो. आधी सांगितला तर डोक्यात राहत नाही.’

नियमांचं पुस्तक ते कचेरीतच ठेवून आले होते, त्यांना ते तोंडपाठ होतं. मी एका रविवारी चेंबूरला जाऊन वडिलांना विचारलं. ते डोकं खाजवत म्हणाले, ‘अगं, आम्ही जिन्यात बसून खेळलेली माणसं. आम्हाला कुठले एवढे नियम? तीनदा झालं की सोडून द्यायचो आणि चहा प्यायचो.’ किती बरं वाटलं ऐकून! आणि किती उपयोग नव्हता त्याचा. येताना आईने कैरीचं लोणचं दिलं, ते मात्र कामाला आलं.

मे अर्धा संपला होता. सासूबाई गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या, मी त्यांना मदत करायचे आणि मनातल्या मनात घरं मोजायचे. एकदा तर चादरीवरच्या पापड्यांत मला पट दिसायला लागला. सासूबाई म्हणाल्या, ‘काय बघतंस गो एवढी टक लावून?’ मी म्हटलं, ‘तुमच्या ह्यांना कुठे गाठायचं ते बघते.’ त्या हसल्या नाहीत.

मग तो किल्लेकोटाचा डाव. त्यातल्या दुष्टपणाला मी आजही दाद देते. सुरुवातीलाच माझ्या वजिराने त्यांच्या राजाला शह दिला. राजा अजून मूळच्या घरात होता. त्यांनी तो शेजारच्या घरात घेतला, मी तिथे शह दिला, ते परत मूळ घरात आले, मी परत पहिला शह दिला. असं चाललं. मी सोंगट्या मोजल्या, पाळी मोजली, सगळं बरोबर. सासरेही कपाळाला हात लावून बसले होते, ‘अरेरे’ म्हणत होते. तिसऱ्यांदा मी म्हटलं, ‘आता ड्रॉ.’

त्यांनी कपाळावरचा हात काढला. चेहरा एकदम ताजातवाना. ‘पहिल्या वेळी माझा राजा हलला होता का?’

‘नव्हता.’

‘म्हणजे तेव्हा मला किल्लेकोट करायचा, राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचा हक्क होता. नंतर राजा हलला, हक्क गेला. दिसायला पोझिशन तीच, पण ती वेगळी धरतात. तुझी आत्ता कुठे दुसरी वेळ झाली.’ आणि पुढच्या चालीला त्यांनी राजा दुसऱ्याच बाजूला नेला, जिथे तो पहिल्यापासून जाऊ शकत होता. माझे शहच संपले. म्हणजे म्हातारा मुद्दाम नाचत होता! मी किती लांब मोजते ते बघत होता. पटावर सगळं जिथल्या तिथे असतं आणि तरी एक हक्क गेलेला असतो, हे मला सासरी येऊन वेगळं शिकायची गरज नव्हती, पण शिकवलं त्यांनी. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. रागाने. दुःखाने रडणारी बाई मी नव्हेच.

आणि मग शेवटची फट. महिना संपत आला होता. त्या डावात सगळं जमलं होतं, पोझिशन, पाळी, हक्क, आणि त्यांना पळायलाही जागा नव्हती. मी वजीर उचलला, शहाच्या घरात ठेवला आणि म्हटलं, ‘तिसऱ्यांदा. ड्रॉ.’

‘ठेवलास वजीर?’

‘हो.’

‘हात काढलास?’

‘काढला.’

‘म्हणजे तुझी चाल झाली. आता पाळी माझी. माझ्या पाळीत तू ड्रॉ मागणार? मागायचा तो खेळायच्या आधी. अमुक चाल खेळणार आहे, त्याने तीच पोझिशन तिसऱ्यांदा येते, असं पंचाला सांगायचं आणि सोंगटीला हात लावायचा नाही. खेळून बसलीस की गेला हक्क.’

‘बरं, पुढच्या खेपेला आधी सांगते. तुमचा राजा जाणार कुठे?’

‘राजा नाही जाणार,’ ते म्हणाले, आणि माझ्या वजिराच्या आड त्यांनी हत्ती टाकला. मी तो बघितलाच नव्हता. हत्तीने शह अडला, वरून माझा घोडा कोंडला गेला. पंधरा मिनिटांत मी ‘मी हरले’ म्हणत होते. पण आता नियम अख्खा माझ्या ताब्यात आला होता. एकेक कलमासाठी एकेक डाव मोजला होता मी.

मेचा शेवटचा रविवार. सोमवारी मुख्याध्यापिकांना उत्तर द्यायचं होतं. नवरा घरी, काका हजर, सासूबाई दाराशी बसून आंबे पिळत होत्या. त्या दिवशी सासरे जरा गाफील होते, काकांना कुठलासा जुना डाव रंगवून सांगत सांगत खेळत होते. त्यात त्यांचं एक प्यादं फुकट गेलं. मग आणखी एक प्यादं. बघता बघता पटावर दोघांचे राजे, दोघांचे वजीर आणि थोडी प्यादी उरली, आणि माझं एक प्यादं शेवटच्या रांगेच्या दारात उभं होतं. एक पाऊल टाकलं की त्याचा वजीर झाला असता. सासऱ्यांनी बोलणं थांबवलं. ते मला शह देत सुटले.

त्यांचा वजीर शह द्यायचा, माझा राजा कोपऱ्यात जायचा. ते दुसरीकडून शह द्यायचे, माझा राजा परत यायचा. मी वजीर आड घालू शकत होते, पण मला गरजच काय होती? बरोबरी म्हणजे शाळा. मी राजाला निमूटपणे इकडून तिकडे नेत होते आणि मोजत होते. ही पहिली. ही दुसरी. आता ते तिसऱ्यांदा तोच शह देतील, पाळी माझी येईल, आणि मी हात मांडीवर ठेवून, नियमाप्रमाणे, ड्रॉ मागेन.

त्यांनी वजीर आपटला. ‘शह! आणि हा ड्रॉ. तिसऱ्यांदा तीच पोझिशन.’ मग मागे रेलून काकांकडे बघत म्हणाले, ‘काय काका, दिला सुनेला ड्रॉ. जा म्हटलं, जा शाळेत. पोरीची हौस कशाला मोडा?’

काका म्हणाले, ‘वा, मोठ्या मनाचे आहात.’ नवरा उठून उभा राहिला. ‘अगं मिळालं ना! घे.’

दिला म्हणे! महिनाभर मला कलमाकलमाने सोललं, माझ्या नकला केल्या, आणि आता मी यांची मान आवळली तेव्हा दानधर्म? माझ्या मस्तकात गेली तिडीक. मी पटाकडे बघितलं. त्यांचा वजीर शहाच्या घरात बसला होता. हात काढून झाला होता. चाल खेळून झाली होती.

‘तुम्ही खेळून बसलात, बाबा,’ मी म्हटलं. ‘आता पाळी माझी. माझ्या पाळीत तुम्ही कसा ड्रॉ मागता? मागायचा तर मी मागायचा.’

सासऱ्यांचा चेहरा उतरला, पण पंच होता माणूस. नाही म्हणता येईना. ‘बरोबर,’ ते कसेबसे म्हणाले. ‘माग मग.’

दारातून सासूबाईंचा आवाज आला. ‘घे गो, घे. कित्याक ताणतंस?’ मी वळून बघितलं. हात आमरसाने माखलेले, आणि त्या माझ्याकडे बघून मानेने हो, हो करत होत्या. बुद्धिबळ न कळणारी ती बाई माझी विनवणी करत होती. मी मान फिरवली.

आता खरा प्रश्न होता. ड्रॉ मागितला तर शाळा पदरात. नाही मागितला तर वजीर आड घालायचा, वजिराला वजीर मारला जाणार, आणि मग प्याद्यांची शर्यत. त्यांचंही एक प्यादं पळत सुटलं होतं, माझ्या एक चाल मागे. माझा नवा वजीर उतरताना त्यांच्या राजाला शह बसला, तर त्यांचं प्यादं मेलं. नाही बसला, तर मी मेले, शाळेसकट. मी बोटाने हवेत रेघ ओढून बघितली. बसतो. पुन्हा बघितली. बसतोच.

मी वजीर आड घातला.

‘वेडी आहेस का?’ नवरा ओरडला. पहिल्यांदा ओरडला तो माझ्यावर, तेही बापाच्या बाजूने.

वजीर गेले. त्यांनी प्यादं पुढे टाकलं, मी माझं टाकलं, नवा वजीर ठेवला आणि म्हटलं, ‘शह.’ त्यांनी राजा हलवला. मी प्यादं खाल्लं. पुढचं सांगण्यात अर्थ नाही, राजाला कोपऱ्यात ढकलत न्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. मी घाई केली नाही. एकदा तर लवकर मात देता येत होती, तरी लांबून दिली. काका चष्मा पुसत म्हणाले, ‘झकास खेळली हो सूनबाई,’ आणि लगेच जीभ चावली.

सासरे उठायला लागले. मी म्हटलं, ‘बाबा, घरचा नियम.’

ते थांबले. खुर्चीचा हात धरून, खाली बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले.

मी कानामागे हात धरला. ‘काय? ऐकू नाही आलं.’

‘मी हरलो,’ ते म्हणाले. आवाज फाटला त्यांचा. शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत गेला असेल, नसेल, माझ्यापर्यंत पोचला. मग बसून त्यांनी सोंगट्या मांडल्या, दोन्ही बाजूंच्या, एकेक घराच्या मधोमध. मला इतका आनंद झाला होता की त्या रात्री मी आमरसाच्या तीन वाट्या खाल्ल्या. बाकी कुणी जेवलं नाही धड.

शब्दाचे पक्के होते, ते खरंच. सोमवारी मी जाऊन होकार देऊन आले, कुणी अडवलं नाही. शाळा उघडली. पहिल्या तासाला मुलं उभी राहून ‘नमस्ते बाई’ म्हणाली. दिवसभर मी घराची आठवणसुद्धा काढली नाही. संध्याकाळी जिना चढून आले तर वरच्या वळणावरच सासऱ्यांचा आवाज. ‘घोडा असा जातो? असा? कितीदा सांगायचं, बावळट!’

टीपॉयवर पट होता. माझ्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या, अगदी कडेला, उठून पळता येईल अशा. त्यांच्या हातात एक काळा घोडा होता आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. स्वयंपाकघरातून डाळ करपल्याचा वास येत होता. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्यांच्यासाठी पटावरून उठलेले होते. त्यानंतर ते माझ्याशी एक डावही खेळले नाहीत, कधीच.

मी डाळ उतरवायला आत गेले. मागोमाग सासूबाई आल्या, चहाचं निमित्त करून.

‘नाही म्हणून सांगा त्यांना,’ मी म्हटलं. ‘येत नाही म्हणा.’

‘येत नाही म्हणूनच तर बसवलंय. तू ड्रॉ घेतलं असतंस तर रविवारी तरी तुझ्याशी खेळले असते ते. आता त्यांना तू नको.’ त्यात तक्रार नव्हती. पाणी आलं नाही, भाजी महागली, तशा सुरात म्हणाल्या. मला भयंकर राग आला, आणि तो सासऱ्यांचा नव्हता, सासूबाईंचाच. एवढी वर्षं मुकाट बसलात म्हणून, असं काहीतरी ओठांवर आलं होतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, ‘ते तुझं तीनदा-तीनदा काय असतं गो? ते झालं की उठता येतं ना? ते मला शिकव.’

मी ओट्यावर वाट्या मांडल्या आणि सगळं सांगितलं. मांडणी तीच हवी. पाळी त्याचीच हवी. हक्क तेच हवेत. आणि आधी बोलायचं, मग हात लावायचा. सासऱ्यांनी महिनाभरात दिलं ते मी पाच मिनिटांत दिलं, एकही कलम न लपवता. त्या डोळे बारीक करून ऐकत होत्या, माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने त्या दिवशी तसं ऐकलं नव्हतं.

‘म्हणजे तीनदा तेच होईपर्यंत टिकायला हवं ना गो?’ त्या म्हणाल्या. ‘माझा राजा तर चहाला आधण यायच्या आत मरतो.’

बाहेरून हाक आली, ‘अगं ए, झालं की नाही? मांडलंय!’

‘आले,’ त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवलं तर त्या खुर्चीत पुन्हा मलाच बसावं लागेल, अशी धास्ती वाटली.